अल्टरनेटरची परतीची वाट

गेल्या पावसाळ्यानंतर आमची जुनी हॅचबॅक सकाळी सेल्फ मारताना कण्हायला लागली. बॅटरी चार वर्षांची झाली होती, म्हणून ती बदलली. महिनाभर बरं गेलं आणि पुन्हा तेच. मग ‘डायनामो गेला’ असं निदान झालं. अल्टरनेटर उतरवून त्याचे कार्बन बदलले, बेअरिंग बदललं, बेल्टही नवा टाकला. तरी ती नवी बॅटरी बाहेर काढून चार्जिंगला लावायची वेळ आलीच. तिसऱ्या खेपेला मी स्वतः मल्टिमीटर घेऊन बॉनेट उघडलं आणि इंजिन चालू ठेवून मोजायला लागलो. अल्टरनेटरवर, म्हणजे त्याच्या पाठीवरचा जाड बोल्ट आणि त्याचीच बॉडी यांच्यामध्ये, १४.३ व्होल्ट मिळत होते. बॅटरीच्या दोन टर्मिनलांवर मात्र १३.१. मधले १.२ व्होल्ट वाटेत कुठेतरी जात होते.

ते कुठे जात होते, हे पाच मिनिटांत सापडलं. बॅटरीच्या निगेटिव्हवरून गिअरबॉक्सकडे उतरणारी जाड काळी केबल वरून अगदी धडधाकट दिसत होती. खालच्या थिंबलला हात लावला तर तो आजूबाजूच्या लोखंडापेक्षा जास्त तापलेला. थिंबलजवळचं रबर ब्लेडनं चिरलं, तेव्हा आत तांब्याऐवजी हिरवट भुगा निघाला. निम्म्याहून जास्त तंतू तुटलेले होते आणि उरलेले बोटानं चोळले तरी गळत होते. केबल काहीशे रुपयांची. तिच्यापायी एक बॅटरी आणि अल्टरनेटरचं एक काम फुकट गेलं होतं.

तेव्हापासून गाडीच्या चार्जिंगची तक्रार घेऊन कोणीही आलं की मी आधी अर्थिंग विचारतो. लाल वायर सगळ्यांना दिसते. परतीची वाट मात्र गाडीच्या पत्र्यातून, इंजिनाच्या लोखंडातून आणि दोन-तीन बोल्टांतून जाते. ती डोळ्यांत भरत नाही, म्हणून तपासलीही जात नाही. हा लेख त्या वाटेसाठी आहे. पण ती समजायची तर अल्टरनेटरच्या पोटात काय चालतं, ते थोडं पाहायला हवं.

आपल्याकडे गॅरेजमध्ये अजूनही अल्टरनेटरला ‘डायनामो’ म्हणतात. जुन्या फियाट-अँबॅसेडरच्या काळात खरोखरच डायनामो असायचा आणि त्याचा कटआऊट वेगळा, बॉनेटखाली भिंतीला लावलेला असायचा. अल्टरनेटरची गोष्ट वेगळी. त्यात फिरतं ते चुंबक. बेल्टनं फिरणाऱ्या रोटरवर एक गुंडाळी असते आणि दोन कार्बन तिला थोडीशी वीज पुरवतात, तीन-चार अँपिअरच्या आसपास. तेवढ्यानं रोटर चुंबक बनतो. त्याच्या भोवतीच्या स्थिर गुंडाळ्यांत, म्हणजे स्टेटरमध्ये, तीन फेजची एसी वीज तयार होते. बॅटरीला एसी चालत नाही, म्हणून सहा डायोड तिची डीसी करतात. मोटारींना चालतील एवढे स्वस्त आणि दणकट सिलिकॉन डायोड आले, तेव्हाच अल्टरनेटर सर्वसाधारण मोटारींत येऊ शकला. अमेरिकेत क्रायस्लरनं १९६० च्या व्हॅलियंटमध्ये तो बसवला, तो याच कारणानं.

त्या सहा डायोडांपैकी तीन एका प्लेटवर असतात. ती प्लेट अल्टरनेटरच्या बॉडीपासून इन्सुलेट केलेली असते आणि तिच्यातूनच तो जाड बोल्ट बाहेर येतो. त्यावर ‘बी’ किंवा ‘बी प्लस’ लिहिलेलं असतं. उरलेले तीन डायोड थेट बॉडीला जोडलेले असतात. म्हणजे बहुतेक मोटारींत अल्टरनेटरची ॲल्युमिनियमची बॉडी हेच त्याचं निगेटिव्ह टर्मिनल. वेगळी निगेटिव्ह वायर दिसत नाही, कारण ती वायर म्हणजे ते कवचच. बोटींत आणि काही मोठ्या वाहनांत निगेटिव्हचा स्वतंत्र बोल्ट असतो, पण ते अपवाद.

आता लक्ष देऊन बघा. आपल्या डोक्यात असं बसलेलं असतं की गाडीतली सगळी वीज बॅटरीतून निघते आणि बॅटरीत परतते. इंजिन बंद असताना ते खरं आहे. इंजिन चालू झालं की विजेचं घर बदलतं. आता वीज अल्टरनेटरच्या बी प्लसमधून निघते, हेडलाइट, ब्लोअर, पंखा, ईसीयू यांच्यातून फिरते, आणि तिला परत जायचं असतं ते अल्टरनेटरच्या बॉडीत. बॅटरी चार्ज करणारा प्रवाहसुद्धा बॅटरीच्या निगेटिव्हमधून बाहेर पडून इंजिनाच्या ब्लॉकमार्गे ब्रॅकेटमध्ये आणि तिथून अल्टरनेटरमध्ये जातो. या वाटेवर कुठेही अडथळा आला, तर अल्टरनेटर कितीही सशक्त असला तरी बॅटरीपर्यंत पूर्ण दाब पोचत नाही.

आणि इंजिन बॉडीला टेकलेलं नसतं, हे अनेकांना माहीत नसतं. ते रबरी माउंटिंगवर तरंगत असतं, म्हणजे विजेच्या हिशेबानं गाडीपासून सुटं. म्हणून दोन जोड मुद्दाम द्यावे लागतात: बॅटरीच्या निगेटिव्हवरून इंजिनाला किंवा गिअरबॉक्सला एक जाड केबल, आणि बॉडीला दुसरी. काही गाड्यांत इंजिन ते बॉडी असा तांब्याच्या जाळीचा चपटा पट्टाही असतो. क्लच किंवा गिअरबॉक्सच्या कामाला इंजिन खाली उतरलं की हाच पट्टा परत लावायचा राहतो. पत्र्याचं डेंटिंग-पेंटिंग झालं की अर्थच्या बोल्टाखाली रंगाचा थर बसतो. किनारपट्टीवर खारं वारं आणि चार महिन्यांची ओल थिंबलच्या आत शिरते. कोकण-गोव्यात मी पाहिलेल्या चार्जिंगच्या तक्रारींमध्ये हे तिसरं कारण सगळ्यात जास्त भेटलं.

कोणता जोड गेला ते लक्षणांवरूनही ओळखता येतं. बॅटरी ते इंजिन ही केबल बिघडली तर सेल्फ जड फिरतो आणि चार्जिंगही कमी पडतं, कारण सेल्फची बॉडीही इंजिनावरच बसलेली असते. इंजिन ते बॉडी हा जोड गेला तर सेल्फ फटकन लागतो, पण हेडलाइट लावले की टेंपरेचरचा काटा उगाच वर चढतो, इंडिकेटरबरोबर डॅशबोर्डचे दिवे लुकलुकतात. दोन्ही बाजू खराब असतील तर वीज मिळेल त्या वाटेनं जाते. ॲक्सिलरेटरची किंवा क्लचची केबल सेल्फ मारताना गरम झाली, तर अर्थिंग तुटलंय आणि शंभर-दीडशे अँपिअरचा प्रवाह त्या बारीक तारेतून धावतोय, असं खुशाल समजा.

आता बी प्लसची बाजू. हा बोल्ट जाड वायरनं, मोठ्या फ्यूजमधून किंवा फ्युजिबल लिंकमधून, बॅटरीच्या पॉझिटिव्हला जोडलेला असतो. मध्ये किल्लीचा स्विच नाही. म्हणजे गाडी बंद असली, किल्ली खिशात असली, तरी या बोल्टावर बॅटरीचा पूर्ण जोर उभा असतो. त्याच्यावर रबरी टोपी असते ती याच कारणासाठी. बोल्टावर पाना लावला आणि त्याचं दुसरं टोक इंजिनाला टेकलं, तर पाना वेल्डिंगसारखा चिकटतो आणि हात भाजतो. म्हणून अल्टरनेटरला हात लावण्याआधी बॅटरीचं निगेटिव्ह काढायचं. निगेटिव्ह आधी काढायचं आणि शेवटी लावायचं, कारण निगेटिव्ह सुटल्यावर पॉझिटिव्हचा पाना पत्र्याला लागला तरी काही होत नाही. आधी पॉझिटिव्ह सोडायला गेलात आणि पाना निसटला, तर मोठी ठिणगी पडते.

बी प्लसशिवाय एक बारीक कनेक्टर असतो, दोन-तीन वायरींचा. त्यातली सगळ्यात महत्त्वाची वायर म्हणजे ‘एल’ किंवा ‘डी प्लस’, जर्मन पद्धतीच्या आकृत्यांत ६१ क्रमांकाची. डॅशबोर्डवरचा बॅटरीच्या चित्राचा लाल दिवा या वायरवर असतो, आणि जुन्या गाड्यांत तो दिवा नुसता इशारा देत नाही, काम करतो. किल्ली फिरवली की बॅटरीची वीज त्या दिव्यातून रोटरच्या गुंडाळीत जाते. तीन वॅटचा बल्ब म्हणजे पाव अँपिअर. एवढ्यावर रोटर थोडा चुंबक बनतो आणि इंजिन फिरताच अल्टरनेटर जागा होतो. जागा झाला की डी प्लसवरही बॅटरीएवढाच व्होल्टेज येतो. बल्बच्या दोन्ही टोकांना सारखाच दाब, म्हणून प्रवाह थांबतो आणि दिवा विझतो. एवढी साधी आणि सुंदर रचना आहे ती.

हे कळलं की तो दिवा वाचता येतो. किल्ली चालू केल्यावर तो पेटलाच नाही, तर बल्ब उडालाय किंवा वायर तुटलीय, आणि मग अल्टरनेटर उत्तम असूनही जागा होणार नाही. कधी कधी रेस दिल्यावर उरल्यासुरल्या चुंबकत्वावर होतो, कधी होतच नाही. मीटरमध्ये हौसेनं बल्बऐवजी एलईडी टाकली की हीच अडचण येते, कारण एलईडीतून पुरेसा प्रवाह जात नाही. कारखान्यातून एलईडी येते तिच्या जोडीला समांतर रेझिस्टर असतो. इंजिन चालू होऊनही दिवा पेटलेलाच राहिला, तर चार्जिंग होत नाहीये. अशा वेळी गाडी बाजूला घेऊन बेल्ट आधी पाहा. कित्येक गाड्यांत तोच बेल्ट पाण्याचा पंपही फिरवतो. तो तुटला असेल तर पुढे रेटलेल्या दोन-चार किलोमीटरांत इंजिन तापून हेडचं काम निघू शकतं. आणि दिवा मंद, अर्धवट पेटत असेल, तर त्याच्या दोन टोकांना सारखा दाब नाही: एखादा डायोड गेलाय, किंवा बी प्लसच्या नाहीतर किल्लीच्या वाटेत व्होल्टेज पडतोय.

उरलेल्या वायरींविषयी थोडक्यात. ‘आयजी’ किल्लीवरून येते आणि रेग्युलेटरला जागं ठेवते. ‘एस’ म्हणजे सेन्स. ती बॅटरीजवळचा खरा व्होल्टेज रेग्युलेटरला सांगते, म्हणजे वाटेत गळती असली तरी रेग्युलेटर त्या हिशेबानं वाढवून देतो. नव्या गाड्यांत यांची जागा ईसीयूशी बोलणाऱ्या एकाच वायरीनं घेतली आहे.

आता मोजायचं कसं, ते. मल्टिमीटर डीसी २० व्होल्टच्या रेंजवर ठेवा. रात्रभर उभ्या गाडीवर, काहीही सुरू न करता, बॅटरीवर १२.६ च्या आसपास मिळायला हवं. १२.२ ला ती अर्धीमुर्धी रिकामी असते. अशी बॅटरी आधी बाहेरून चार्ज करून घ्या, नाहीतर पुढची सगळी रीडिंगं फसवतील. मग इंजिन सुरू करून बॅटरीवर मोजा. साध्या रेग्युलेटरच्या गाडीत १३.८ ते १४.५ मिळालं तर ठीक. चंद्रपूर-नागपूरच्या मे महिन्यात लांबून आलेल्या गाडीवर १३.७ दिसलं तरी घाबरू नका. बॅटरी उष्णतेत उकळू नये म्हणून रेग्युलेटर तापमानाबरोबर व्होल्टेज थोडा उतरवतो. १५ च्या वर सतत मिळालं तर मात्र रेग्युलेटर, किंवा सेन्सची वायर.

यानंतरची चाचणी खरी महत्त्वाची, आणि ती फारशी कोणी करत नाही. हेडलाइट हायबीमवर, ब्लोअर पूर्ण, मागची काच तापवायची सोय असेल तर तीही सुरू करा. एका जोडीदाराला इंजिन दीड-दोन हजार आरपीएमवर धरायला सांगा. ओढणी, सैल बाही, अंगठी, घड्याळ यांपैकी काहीही बेल्ट-पंख्याजवळ जाऊ देऊ नका. आता मीटरची एक पिन बी प्लसच्या बोल्टावर आणि दुसरी बॅटरीच्या पॉझिटिव्हच्या शिशाच्या खुंटावर. क्लॅम्पवर नव्हे, खुंटावर. नाहीतर खुंट आणि क्लॅम्प यांच्यामधली घाण मोजण्यातून सुटते. इथे ०.२ ते ०.३ व्होल्टपर्यंत चालतं. मग एक पिन अल्टरनेटरच्या बॉडीवर, टोकानं थोडं खरवडून, आणि दुसरी निगेटिव्हच्या खुंटावर. इथे ०.१ च्या आत असावं, ०.२ म्हणजे शंकेला जागा. मीटरनं उणे चिन्ह दाखवलं तरी हरकत नाही, आकडा बघायचा. माझ्या गाडीत पॉझिटिव्ह बाजूला ०.१५ होता आणि निगेटिव्हला १.०५. अल्टरनेटर पुन्हा खोलायची गरज नाही, हे त्याच क्षणी ठरलं.

मोठा आकडा मिळाला की टप्प्याटप्प्यानं पुढे सरका. खुंट ते क्लॅम्प, क्लॅम्प ते केबलचं दुसरं टोक, तिथून इंजिनाचा ब्लॉक, ब्लॉक ते ब्रॅकेट, ब्रॅकेट ते अल्टरनेटरची बॉडी. ज्या टप्प्यात आकडा एकदम उडी मारतो, दोष तिथेच.

ओहम मोजून हे सापडत नाही, म्हणून भार टाकून मोजायचं. केबलमध्ये शंभर तंतूंपैकी एकच शाबूत राहिला तरी ओहम-मीटर जवळजवळ शून्य दाखवतो, कारण तो अगदी किंचित प्रवाह सोडतो. त्याच्या स्वतःच्या पिनांचाच रोध ०.२-०.३ ओहम असतो. आणि गाडीत ०.०१ ओहमही पुष्कळ: ६० अँपिअर प्रवाहाला तेवढ्यावर ०.६ व्होल्ट पडतात, आणि त्या एका जोडावर ३६ वॅट उष्णता तयार होते. हाताला लागलेला तो गरम थिंबल म्हणजे हेच गणित. दिव्यांना याचा फटका आणखी मोठा. हॅलोजनचा व्होल्टेज पाच टक्के घटला की उजेड साधारण १५ टक्के घटतो. रात्री घाटात ते जाणवतं.

दुरुस्तीला विशेष काही लागत नाही, चिकाटी लागते. निगेटिव्ह काढा. बोल्ट खोलून थिंबल आणि ज्या धातूवर तो बसतो ती जागा, दोन्ही पॉलिश पेपरनं चकचकीत होईपर्यंत घासा. रंग, गंज, जुनं ग्रीस काही ठेवू नका. काटेरी वॉशर टाकून बोल्ट घट्ट करा, आणि घट्ट झाल्यानंतर वरून व्हॅसलिन किंवा ग्रीस लावा, पाणी आत शिरू नये म्हणून. केबल आतून हिरवी पडली असेल तर नुसतं टोक कापून नवा थिंबल बसवण्यात अर्थ नाही. हिरवेपणा केबलच्या आतून वर चढलेला असतो. मूळच्या जाडीची किंवा तिच्याहून जाड केबल घ्या, थिंबल मशीनवर दाबून घ्या. हातोडीनं चेपलेला थिंबल आणि वर काळी टेप, हे काम सहा महिने टिकतं. मूळ जोड हाताशी येत नसेल तर त्याच्या जोडीला दुसरी केबल टाकायला हरकत नाही. मूळची काढू मात्र नका.

अर्थिंग नीट असूनही बॅटरी रात्रीत उतरत असेल, तर डायोडकडे वळा. इंजिन चालू ठेवून मीटर एसीच्या रेंजवर बॅटरीला लावा. अर्ध्या व्होल्टहून जास्त एसी दिसली, तर एखादा डायोड गेल्याची दाट शक्यता. फुटलेला डायोड उलट वाट मोकळी करतो आणि बंद गाडीत बॅटरी त्यातून हळूहळू रिकामी होते.

एका गोष्टीबद्दल मला कळकळीनं सांगायचं आहे. अल्टरनेटर चालतो का ते पाहायला इंजिन चालू असताना बॅटरीचं टर्मिनल काढायची सवय अजून कित्येक ठिकाणी आहे. गाडीत इलेक्ट्रॉनिक्स नव्हतं त्या काळातली ती सवय. बॅटरी अचानक सुटली की अल्टरनेटरचा दाब क्षणार्धात उसळतो. १२ व्होल्टच्या गाडीत तो शंभर व्होल्टच्या घरात जाऊ शकतो. त्यात ईसीयू, एअरबॅगचं युनिट, म्युझिक सिस्टिम, अल्टरनेटरचे स्वतःचे डायोड, काहीही जाऊ शकतं. तुमच्या गाडीवर कोणी असं करायला लागलं तर हात धरा. पत्र्याचं वेल्डिंग असेल तर आधी बॅटरी आणि अल्टरनेटर दोन्हींच्या वायरी सोडवून घ्या. दुसऱ्या गाडीवरून जंप स्टार्ट देताना काळ्या केबलचा शेवटचा चिमटा बंद पडलेल्या गाडीच्या बॅटरीवर न लावता इंजिनाच्या उघड्या लोखंडावर लावा. शेवटच्या चिमट्याला ठिणगी उडते, आणि बॅटरीजवळ हायड्रोजन साचलेला असू शकतो.

गाडी गेल्या काही वर्षांतली असेल तर दोन गोष्टी वेगळ्या. तिच्यात इंधन वाचवायला ईसीयू अल्टरनेटर कमी-जास्त करतो, त्यामुळे बॅटरीवर १२.७ दिसलं म्हणून तो गेला असं ठरवू नका; हेडलाइट लावा, थोडा वेळ थांबा, मग मोजा. एलची वायर अर्थला लावून दिवा तपासायची जुनी युक्तीही इथे वापरू नका. दुसरं, निगेटिव्ह टर्मिनलवर क्लॅम्पला चिकटलेली एक लहान डबी आणि तिला बारीक कनेक्टर दिसेल. तो प्रवाह मोजणारा सेन्सर. ॲम्प्लिफायर, जादा हॉर्न, फॉग लॅम्प यांचं अर्थ थेट बॅटरीच्या खुंटाला दिलं तर तो प्रवाह सेन्सरला न दिसता निघून जातो आणि ईसीयूचा चार्जिंगचा हिशेब चुकतो. अशा जोडण्यांचं अर्थ बॉडीवरच्या मूळच्या अर्थ-बोल्टाला द्या.

नवी केबल टाकून मी आमच्या गाडीवर पुन्हा मोजलं: अल्टरनेटरवर १४.३, बॅटरीवर १४.१, निगेटिव्ह बाजूला ०.०६. हे तीन आकडे तारखेसह सर्व्हिस बुकच्या मागच्या पानावर पेन्सिलीनं लिहिले आहेत. पावसाळा सरला की ऑक्टोबरात तीच चाचणी, त्याच दिव्यांसह, आणि नवे आकडे त्याच्या खाली.